वाचक विचारतात : इंग्रजी पाटीवरचे आयरिश गाव

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आयर्लंडमधील गावांच्या नावांविषयी बरीच पत्रे आली. मुलगा किंवा मुलगी तेथे नोकरीला असल्यामुळे त्यांच्याकडे राहून आलेल्या पालकांची त्यांत बहुसंख्या आहे. काही पत्रे मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांची व शिक्षकांची आहेत. विषय एकच असल्याने निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात एकत्र देत आहे. आयरिश भाषेतील उच्चार देवनागरीत अंदाजानेच लिहिता येतात, एवढे ध्यानात घेऊन पुढील मजकूर वाचावा.

प्रश्न : माझी मुलगी डब्लिनच्या विमानतळाजवळ सोर्ड्‌स नावाच्या गावी राहते. सोर्ड्‌स म्हणजे तलवारी. फिरायला गेलो असता ‘किल’ नावाचे गाव लागले. म्हणजे ठार मारणे. पुढे ईडनडेरी हे गाव दिसले, तेव्हा बायबलमधील ईडनची बाग आठवली. ही नावे इंग्रजांनी ठेवली आहेत का? आणि प्रत्येक पाटीवर इंग्रजी नावाच्या वर तिरप्या अक्षरांत दुसरे नाव असते, ते त्याचे भाषांतर समजावे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपण पाहिलेल्या तिन्ही गावांचा तलवारीशी, हत्येशी किंवा बायबलशी काहीही संबंध नाही. तिन्ही नावे आयरिश आहेत. पाटीवर वर तिरप्या अक्षरांत असते ते आयरिश नाव, आणि खाली ठळक मोठ्या अक्षरांत असते ते इंग्रजी. बहुतेक ठिकाणी खालचे नाव हे वरच्या नावाचे भाषांतर नसून केवळ उच्चाराचे लेखन आहे. आयरिश न जाणणाऱ्या माणसाने जे ऐकले, ते त्याने इंग्रजी अक्षरांत उतरवले. पुढे ऐकणारा गेला, बोलणाऱ्यांची भाषाही बहुतेक भागांतून गेली आणि अक्षरे तेवढी उरली.

सोर्ड्‌स हे मूळचे ‘सोर्ड’. जुन्या लेखनात या शब्दाचा अर्थ निर्मळ, शुद्ध असा दिलेला आढळतो आणि तो तेथील संत कोलम किल्ये यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विहिरीशी जोडला जातो. ‘किल’ म्हणजे आयरिश ‘किल्ल’, अर्थात चर्च किंवा साधूची कुटी. ईडनडेरीतील पहिला शब्द ‘एडन’ असा आहे; त्याचा अर्थ कपाळ, आणि भूगोलाच्या भाषेत टेकडीचा माथा. दुसरा शब्द ‘दिरे’, म्हणजे ओक वृक्षांची राई. एकूण अर्थ ओकच्या राईचा डोंगरमाथा असा होतो. हाच ‘दिरे’ उत्तरेकडील डेरी शहराच्या नावातही आहे. १६१३ साली लंडनच्या व्यापारी मंडळ्यांना तेथील जमिनी देणारी सनद निघाली आणि नावाच्या पुढे लंडन लागले. त्यावरून तेथे आजही दोन नावे चालतात आणि कोण कोणते नाव घेतो यावरून त्याचा राजकीय कल ओळखला जातो.

खुद्द डब्लिनचे उदाहरण याहून बोलके आहे. डब्लिन हे ‘दुव लिन’ म्हणजे काळा डोह या आयरिश नावाचेच इंग्रजी रूप आहे. पण पाटीवर वरच्या ओळीत आपल्याला ‘दुव लिन’ दिसणार नाही. तेथे ‘बाल्ये आहा क्लीआ’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ कुडाच्या विणलेल्या ताट्या टाकून केलेल्या उताराचे, म्हणजे नदी पायी ओलांडण्याच्या जागेचे, गाव. जवळजवळ असलेल्या दोन वस्त्यांची ही दोन नावे होती. इंग्रजीने एक उचलले, आयरिशने दुसरे राखले. म्हणून पाटीवरच्या दोन ओळी एकमेकींचा अर्थ सांगतील, असे गृहीत धरून चालत नाही.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. इंग्रजी नावावरून मूळ आयरिश नाव ठरवण्याची काही शास्त्रशुद्ध पद्धत आहे का? इंटरनेटवर ‘बॅली म्हणजे गाव, किल म्हणजे चर्च, नॉक म्हणजे टेकडी’ अशा याद्या मिळतात. त्या पाठ केल्या तर काम भागेल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : याद्यांनी काम भागत नाही, आणि ते का भागत नाही हे समजून घेणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे. म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देतो.

‘बॅली’पासून सुरुवात करू. बॅलिमिना या गावाच्या नावात आयरिश ‘बाल्ये’, म्हणजे गाव किंवा वस्ती, हा शब्द खरोखरच आहे; त्याचा अर्थ मधले गाव. परंतु बॅलिनास्लो आणि बॅलिशॅनन या नावांत तो नाही. तेथे मूळ शब्द ‘बेल आहा’ असे आहेत. ‘बेल’ म्हणजे तोंड आणि ‘आहा’ म्हणजे नदीचा उतार, पायी ओलांडता येईल अशी जागा. बॅलिनास्लो म्हणजे सैन्ये जमत त्या उताराचे तोंड. इंग्रजी कानाला ‘बाल्ये’ आणि ‘बेल आहा’ यांतला फरक कळला नाही आणि दोन्हींची स्पेलिंग एकच झाली. यादी पाठ करणारा माणूस दोन्ही ठिकाणी ‘गाव’ असा अर्थ सांगून मोकळा होईल, आणि नदीचा पत्ता त्याला लागणारच नाही.

‘किल’चेही तसेच आहे. ‘किल्ल’ म्हणजे चर्च, आणि ‘क्विल’ म्हणजे रान. किल्डेअर हे ओकजवळचे चर्च. किलार्नी हे स्लो नावाच्या रानटी, आंबटतुरट आलुबुखाऱ्यांचे चर्च. किल्केनी हे संत कान्यख यांचे चर्च. काइलमोर मात्र मोठे रान आहे. किलमोर नावाची गावे तर आयर्लंडभर आहेत. त्यांतली बहुतेक मोठ्या चर्चची आहेत आणि काही मोठ्या रानाची. इंग्रजी स्पेलिंगवरून त्यांची निवड करता येत नाही. त्यासाठी प्रत्येक किलमोरचे जुने उल्लेख पाहावे लागतात, तेथे चर्चचे किंवा दफनभूमीचे अवशेष आहेत का ते पाहावे लागते आणि जेथे आयरिश बोलणारी माणसे होती तेथे ती नाव कसे उच्चारत, याची नोंद शोधावी लागते.

आयरिश व्याकरणाची एक खोड येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे अनेक नावे ओळखू येत नाहीत. या भाषेत शब्दाचे आद्याक्षर वाक्यातील जागेनुसार बदलते. ‘कापल’ म्हणजे घोडा. पण ‘घोड्यांची टेकडी’ म्हणताना ‘क्नोक ना गापल’ असे होते, ‘क’चा ‘ग’ होतो. त्याचे इंग्रजी रूप नॉकनागॅपल. शब्दकोशात ‘गॅपल’ शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. उपपदही असेच फसवते. ‘एनख’ म्हणजे जत्रा किंवा मोठा मेळावा. त्याच्यापुढे ‘अन्’ हे उपपद आले, त्यातला ‘न’ नावाला चिकटला आणि टिपेररी काउंटीतील नीना हे गाव झाले. न्यूरी या शहराच्या आरंभीचा ‘न’ही तसाच, मूळ शब्द ‘यूर’ म्हणजे यू नावाचा सदाहरित वृक्ष.

आता पद्धतीकडे येतो. १८२४ साली ब्रिटिश सरकारने आयर्लंडची संपूर्ण मोजणी हाती घेतली. जमिनीवरील कर न्याय्य पद्धतीने बसवायचा तर टाउनलँडच्या सीमा निश्चित हव्या होत्या. टाउनलँड म्हणजे आपल्याकडील शिवारासारखा जमिनीचा नाव असलेला तुकडा; त्यात वस्ती असेलच असे नाही. अशी ६०,०००हून अधिक टाउनलँड आयर्लंडमध्ये आहेत. एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे काढायचे ठरले आणि १८३३ ते १८४६ या काळात ते काउंटीवार प्रसिद्ध झाले. मोजणीचे प्रमुख टॉमस कोल्बी होते. नकाशांचे काम पाहणारे टॉमस लार्कम यांच्या लक्षात आले की एकेका शिवाराचे नाव पाच-सहा प्रकारे लिहिले जाते आणि त्यांतले कोणते छापावे, हे आयरिश जाणणाऱ्या माणसाशिवाय ठरणार नाही. त्यासाठी १८३० साली जॉन ओडोनोव्हन या तरुण विद्वानाची नेमणूक झाली. तो किल्केनी काउंटीतील शेतकरी कुटुंबात १८०६ साली जन्मला होता आणि जुन्या हस्तलिखितांतील आयरिश त्याला अवगत होती.

मोजणी खात्याच्या नावांच्या वह्या हा या अभ्यासाचा सर्वांत मौल्यवान ठेवा आहे. वहीचे एक पान कसे असते, ते सांगतो. एका टाउनलँडसाठी स्वतंत्र जागा असते. एका रकान्यात त्या नावाची निरनिराळी स्पेलिंग एकाखाली एक लिहिलेली असतात आणि शेजारच्या रकान्यात प्रत्येक स्पेलिंग कोणाकडून मिळाले ते नोंदवलेले असते: एक जमीनदाराच्या कारभाऱ्याकडून, एक धर्मोपदेशकाकडून, एक कर गोळा करणाऱ्याकडून, एक जुन्या काउंटी नकाशावरून. पुढे जागेचे वर्णन असते. ओडोनोव्हन त्या गावी जाऊन वृद्ध माणसांच्या तोंडून नाव ऐके, हस्तलिखितांत त्याचा उल्लेख आढळतो का ते ताडून पाही, वहीत आयरिश रूप लिही आणि मग नकाशावर छापायचे इंग्रजी रूप सुचवी. आज आयर्लंडच्या रस्त्यांवर दिसणारी बहुतांश इंग्रजी स्पेलिंग याच कामातून पक्की झाली. काउंटी-काउंटीतून त्याने लार्कमना लिहिलेली पत्रेही जतन झाली असून, पाऊस, पायपीट आणि स्थानिक माणसांशी झालेले संवाद यांनी ती भरलेली आहेत.

येथे माझे मत नोंदवतो. या मोजणीने आयरिश नावे बिघडवली, असा आरोप केला जातो आणि त्यात तथ्य आहे. नकाशावर आयरिश रूप छापलेच गेले नाही. परंतु बिघाड मोजणीच्या फार आधीचा आहे. विल्यम पेटीने १६५६ ते १६५८ या काळात जप्त जमिनींची जी मोजणी करवली, तिच्या नकाशांत नावे कानाला येतील तशी लिहिलेली आहेत. ओडोनोव्हनच्या पिढीने त्या नावांचे आयरिश रूप वेळीच लिहून ठेवले नसते, तर १८४० च्या दशकातील दुष्काळानंतर, म्हणजे लाखो आयरिशभाषक मेल्यावर व देशोधडीला लागल्यावर, विचारायला माणूसच उरला नसता. त्याच्या वह्यांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

म्हणून शोधाचा क्रम असा ठेवावा. आधी नावाची मिळतील तेवढी जुनी रूपे सालासह एकाखाली एक लिहावीत: मठांतील आयरिश बखरी, ट्यूडर काळातील (मुख्यतः सोळाव्या शतकातील) सनदा, पेटीचे नकाशे, मोजणीच्या वह्या. मग स्थानिक उच्चार पाहावा आणि आघात नावाच्या कोणत्या भागावर आहे ते लक्षपूर्वक ऐकावे, कारण स्पेलिंग बदलले तरी आघात बहुधा टिकतो. नंतर प्रत्यक्ष जमीन पाहावी. नाव ‘उतार’ म्हणते आणि जवळपास नदी-ओढा नसेल, तर अर्थ पुन्हा तपासावा. आजच्या इंग्रजी स्पेलिंगचे साक्षीदार म्हणून मोल सर्वांत कमी आहे, आणि नवा अभ्यासक मात्र नेमकी त्यापासूनच सुरुवात करतो.

प्रश्न : आयर्लंडमधील सर्वच इंग्रजी नावांच्या मुळाशी आयरिश नाव असते का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. किनाऱ्यावरील काही नावे व्हायकिंग लोकांची आहेत. वेक्सफर्ड आणि वॉटरफर्ड ही नॉर्स भाषेतील नावे असून त्यांची आयरिश नावे, लोख गार्मन आणि पोर्ट लार्गे, पूर्णपणे वेगळी आहेत. डब्लिनजवळचे लेक्सलिप म्हणजे नॉर्स भाषेत सामन माशाची उडी. तेथील आयरिश नाव हे त्याचे भाषांतर आहे, म्हणजे प्रवास उलट दिशेने झाला.

काही नावे भाषांतरित आहेत आणि भाषांतर नेहमी बरोबर असते असे नाही. किल्केनी काउंटीतील फ्रेशफर्डचे आयरिश नाव ‘आखध ऊर’, म्हणजे हिरवे, टवटवीत शेत. ‘आखध’ म्हणजे शेत आणि ‘आहा’ म्हणजे उतार यांत गल्लत झाली आणि शेताच्या जागी उतार आला. डब्लिनच्या फीनिक्स पार्कची गोष्ट याहून रंजक आहे. मूळ ‘फ्युन इश्के’, म्हणजे स्वच्छ पाणी. इंग्रजी कानाला ते फीनिक्स वाटले. पुढे १७४७ साली लॉर्ड चेस्टरफील्डने उद्यानात एक स्तंभ उभारून त्यावर राखेतून उठणारा फीनिक्स पक्षी बसवला. चुकीच्या समजुतीला असा दगडी पुरावा मिळाला की ती पुढच्या पिढ्यांना खरी वाटू लागते, हे अभ्यासकाने विसरू नये.

राजेरजवाड्यांच्या भेटींवरून पडलेली नावे स्वातंत्र्यचळवळीच्या काळात पुसली गेली. किंग्जटाउनचे १९२० साली पुन्हा डन लेरी झाले, आणि १८४९ साली राणी व्हिक्टोरियाच्या भेटीवरून क्वीन्सटाउन झालेले बंदर त्याच वर्षी कोव्ह झाले. कोव्ह हे नाव पाटीवर अस्सल आयरिश दिसते. पण ते ‘खाडीतला आडोसा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचेच आयरिश वर्णलेखन आहे. तेव्हा आयरिश रूप दिसले म्हणून मूळही आयरिश, असा निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : हे सर्व घरबसल्या पाहता येते का? आयरिश शिकावी लागेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : पाहता येते. आयर्लंड सरकारच्या स्थलनाम शाखेने डब्लिन सिटी विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केलेला ‘लोगन्यम’ नावाचा संग्रह २००८ पासून इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. इंग्रजी नाव टाकले की अधिकृत आयरिश रूप, नकाशावरील जागा आणि अनेक नावांसाठी जुनी स्पेलिंग सालवार मिळतात. काही नावांचा उच्चारही ऐकता येतो. उत्तर आयर्लंडमधील नावांसाठी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील स्थलनाम प्रकल्पाचे काम पाहावे. पॅट्रिक वेस्टन जॉयस यांचा १८६९ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचायला आजही सुंदर आहे; मात्र त्यातील एखादा अर्थ उद्धृत करण्याआधी तो लोगन्यमवर पडताळून घ्यावा. संपूर्ण आयरिश शिकण्याची गरज नाही. आद्याक्षर बदलण्याचे नियम आणि नावांत वारंवार येणारे शंभरेक शब्द आले की पुष्कळ वाट दिसते.

प्रश्न : मी अंबड तालुक्यातील शाळेत शिक्षक आहे. आयर्लंडमधील पद्धत आपल्या तालुक्यातील गावांच्या नावांना लावता येईल का? मुलांकडून असा उपक्रम करून घ्यावा, असा विचार आहे. कोणती साधने वापरावीत? (एक वाचक, अंबड)

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला. उपक्रम अवश्य घ्यावा.

दोन्हीकडच्या मोजणीचा एक धागा प्रत्यक्ष जुळलेला आहे. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट रजेवर मायदेशी असताना आयर्लंडची मोजणी पाहून आले आणि कोल्बींनी तयार केलेल्या, उष्णतेने लांबी न बदलणाऱ्या मोजपट्ट्या त्यांनी भारतात आणल्या. आयर्लंडमध्ये लॉख फॉइल या खाडीच्या काठी आधाररेषा, म्हणजे सर्व मोजणीचा पाया असलेले एक अचूक अंतर, मोजण्यासाठी अशाच पट्ट्या वापरल्या होत्या. १८४१ साली उदगीरच्या शेजारी बिदरजवळची आधाररेषाही अशाच पट्ट्यांनी मोजली गेली.

आपल्याकडे अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तेथे नावे इंग्रजी लिपीत गेली. मराठवाड्यात ती आधी फार्सी-उर्दू लिपीत आणि नंतर इंग्रजीत गेली. निजामी राजवटीत महसुलाचे दप्तर आधी फार्सीत व पुढे उर्दूत होते. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि ळ, ण यांना स्वतःचे अक्षर नाही. म्हणून परळीची परली होते. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, गाळले जातात. मग ब, प, त, न ही अक्षरे शब्दाच्या मध्ये एकसारखी दिसू लागतात, आणि नवख्या वाचकाला एकाच गावाची दोन-तीन नावे वाचता येतात. जुन्या दप्तरातील नाव मुलांना देण्यापूर्वी उर्दू व मोडी वाचणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवावे. आपल्या तालुक्यात अशी ज्येष्ठ मंडळी आजही भेटतील. त्यांना वर्गात बोलवावे.

साधनांमध्ये पहिले स्थान तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांतील जुन्या कागदांना द्यावे. १९५४-५५ चे खासरा पत्रक मराठवाड्यातील शेतकऱ्यांना ठाऊक असतेच, कारण जमिनीच्या प्रत्येक वादात ते निघते. त्यात गावाचे नाव कसे लिहिले आहे ते पाहावे, मग त्यामागची उर्दू पहाणी, इनामी गाव असेल तर सनद किंवा मुंतखब (इनामाच्या चौकशीनंतर मिळालेला दाखला). बेचिराख गावांची नावे विशेष आस्थेने टिपावीत. वस्ती उठून गेली तरी महसुली नाव उरते आणि पांढरीच्या मातीत खापरे सापडतात. आयर्लंडमधील ओसाड टाउनलँडची नावेही अशीच कागदावर तगली आहेत.

त्याहून मागे जायचे तर आपल्याकडे आयरिश बखरींच्या तोडीचे साहित्य आहे. महानुभावांच्या स्थानपोथीत चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची ठिकाणे, देवळे आणि त्यांच्या दिशा नोंदवलेल्या आहेत, आणि लीळाचरित्रात मराठवाड्यातील कितीतरी गावांची १३ व्या शतकातील रूपे सापडतात. वेरूळ तेथे एळापूर म्हणून येते. राष्ट्रकूटांच्या इ.स. ८१२ च्या ताम्रपटात तेच एलापूर आहे. इंग्रजी एलोरा या जुन्या रूपाच्या अधिक जवळ आहे, हे पाहून मुलांना नवल वाटेल. इंग्रजी रूप म्हणजे बिघडलेले रूप, असे सरसकट मानता येत नाही, याचे ते चांगले उदाहरण आहे. लातूरचे लत्तलूर हे रूप राष्ट्रकूटांच्या बिरुदात आहे: आपण लत्तलूरपुराचे अधिपती, असे ते अभिमानाने म्हणवून घेत. ‘ऊर’ हा कन्नडमध्ये गाव या अर्थाचा शब्द आहे. भोकरदन म्हणजे भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत त्या गावच्या दात्यांचा उल्लेख आहे. वाशीमच्या वाकाटक ताम्रपटातील नांदीकट हे नाव अभ्यासक नांदेडशी जोडतात.

नांदेडविषयी मात्र नऊ दंडांची कथा आणि नंदीच्या तटाची कथा, अशा दोन्ही सांगितल्या जातात. मुलांनी या कथा अवश्य लिहून घ्याव्यात, पण वेगळ्या रकान्यात. कथा नावाचे मूळ बहुधा सांगत नाही. लोकांनी त्या नावावर कसे प्रेम केले, ते सांगते, आणि तीही नोंद जपण्यासारखी आहे.

मुलांना एकच काम पक्के सांगावे: आजी-आजोबा गावाचे नाव कसे घेतात, ते बसच्या पाटीकडे न पाहता ऐकायचे आणि ऐकले तसे लिहायचे. आजी ‘पिप्पळगाव’ म्हणत असेल तर ‘पिंपळगाव’ अशी दुरुस्ती करू नये. सांगणाऱ्याचे अंदाजे वय आणि गाव शेजारी लिहावे. ओडोनोव्हनच्या वहीतील दुसरा रकाना हाच होता. बुद्रुक आणि खुर्द ही फार्सी विशेषणे आहेत, तेव्हा ती नावाला केव्हा लागली हेही जुन्या कागदांवरून पाहता येईल. आणि वेळ मिळाल्यास गावाच्या नावावर न थांबता शिवारातील नावेही घ्यावीत. वडाचा माळ, थडीचे रान, चिंचेचा मळा ही नावे सातबारावर बहुधा सापडत नाहीत. तेथे शेताच्या स्थानिक नावासाठी जागा असते, पण ती बहुधा कोरी राहते. जमीन विकली गेली, वाटण्या झाल्या, की ही नावे एका पिढीत संपतात. आयर्लंडमध्ये मीथ काउंटीतील रहिवाशांनी स्वतः शेतोशेत हिंडून अशी नावे गोळा केली. तेथे जे विद्यापीठांवाचून झाले, ते अंबड तालुक्यातील शाळेतून का होणार नाही?

प्रश्न : असईच्या लढाईतील सेनापती वेलस्ली आयरिश होता, असे वाचले. मग स्वतःच्या देशातील नावांची दुर्दशा ठाऊक असूनही त्याने आमच्या गावांची नावे वेडीवाकडी का लिहिली? (एक वाचक, जालना जिल्हा)

उत्तर : आर्थर वेलस्लीचा जन्म १७६९ साली डब्लिनमध्ये झाला, हे खरे, पण तो इंग्रजी बोलणाऱ्या जमीनदार घराण्यातला होता आणि त्या वर्गाला आयरिश नावांचे मूळ जाणण्याची फारशी गरज पडत नसे. त्याच्या घराण्याचा वाडा मीथ काउंटीत डँगन येथे होता. डँगन हे आयरिश ‘डॅंग्यन’चे, म्हणजे गढीचे, इंग्रजी लेखन आहे. केरी काउंटीतील डिंगल या गावाच्या नावातही हाच शब्द आहे, आणि तेथे तर २००४ च्या सरकारी आदेशाने इंग्रजी रूप अधिकृत वापरातून काढल्यावर गावकऱ्यांनी २००६ साली मतदान करून हरकत घेतली. अखेर २०११ च्या कायद्याने दोन्ही रूपे मान्य झाली.

असईकडे येतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठी फौजांवर चालून जाताना वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाड्यांनी जवळ उतार नसल्याचे सांगितले होते. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, तेव्हा त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. इंग्रजी वर्णनांत ही गावे पीपलगाव आणि वारूर अशी येतात. पहिले उघडच पिंपळगाव आहे. दुसरे वरूडचे रूप दिसते, कारण मराठी ‘ड’ इंग्रजी कानाला अनेकदा ‘र’ ऐकू येतो. आपण त्याच परिसरातले आहात. केळणेच्या काठी जाऊन त्या दोन गावांची नावे आणि उताराचे स्थानिक नाव तेथील वृद्धांच्या तोंडून ऐकून कळवलेत, तर पुढील अंकात ते आनंदाने छापू.